गोडाला वेगळी भूक ठेवा : जुन्या मैत्रिणींसोबत बेळगावातला एक दिवस

आमचा शाळेचा गट सहा जणींचा. एक निपाणीला, एक खानापूरला, दोघी पुण्यात, एक पणजीला आणि मी इथंच, बेळगावात. वर्षातून एकदा भेटायचं, त्या दिवशी न पाहिलेल्या ठिकाणी जेवायचं आणि न खाल्लेलं काहीतरी गोड खायचं, हा आमचा नेम. पहिल्या दोन-तीन वर्षांत आम्ही दरवेळी एकच चूक केली. दुपारी एका हॉटेलात ठाण मांडायचं, कार्डावरचं सगळं मागवायचं, पोटाला तडस लागायची, आणि कुंद्याच्या, म्हणजे इथल्या खव्याच्या मिठाईच्या, दुकानापर्यंत पोचेस्तोवर एकीलाही चमचाभर जात नसे. पुण्याच्या मैत्रिणी डबे बांधून न्यायच्या आणि तिकडून फोन करायच्या, ‘अगं, काय सुंदर आहे हा कुंदा, तिथंच ताजा खायला हवा होता गं!’ तेव्हापासून दिवसाची मांडणीच बदलली. गोड आता जेवणाच्या शेपटीला लावत नाही, त्याला स्वतःची वेळ आणि स्वतःची भूक देतो.

नोकरीसाठी किंवा लग्न होऊन इकडं आलेल्या, आणि जुन्या दोस्तांना एक दिवस बेळगाव खिलवायचं मनात असलेल्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. मित्रांच्या गटालाही हेच लागू.

आधी पथ्यं विचारा

ठिकाणं शोधायच्या आधी ग्रुपवर एकच प्रश्न टाका : कोण काय खात नाही? श्रावण, संकष्टी, एकादशी, गुरुवार यांत कुणाचं तरी काहीतरी निघतंच. कुणी कांदा-लसूण खात नाही, कुणी अंडं खात नाही, कुणाला मटणाशिवाय भेट झाल्यासारखं वाटत नाही. हे आठ दिवस आधी कळलं की सोपं जातं, हॉटेलच्या दारात कळलं की एकीचं मन मोडतं.

आमच्यातल्या एकीला साखरेचा त्रास आहे. ‘तू आता गोड खाऊ नकोस’ हे वाक्य आम्ही आमच्यात बंद केलं आहे. काय आणि किती खायचं हे तिनं तिच्या डॉक्टरांशी बोलून ठरवलेलं असतं. आपण एवढंच बघायचं, की जेवणाची वेळ टळू नये आणि तिच्यापुढं आग्रहाची वाटी सरकवू नये.

दिवस निवडताना

रविवारची दुपार टाळा. एका वर्षी आम्ही टेबल न सांगता नव्यानं उघडलेल्या एका हॉटेलात गेलो. तासाभरानं जागा मिळाली, तोवर भूक मेली होती, आणि पाठीमागं वाट बघणाऱ्यांची रांग उभी म्हणून धड बोलताही आलं नाही. शनिवार किंवा मधला एखादा वार बरा. सहा माणसं असतील तर आदल्या दिवशी फोन करून टेबल सांगून ठेवावं, आणि त्याच फोनमध्ये ‘दुपारी किचन किती वाजता बंद होतं?’ हेही विचारावं. चार वाजता जेवायला जाणाऱ्यांना या प्रश्नाचं मोल कळतं.

बाहेरच्यांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट. डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं. त्या दिवसांत आमदार, अधिकारी, पोलीस, आंदोलक असं सगळं गावात उतरतं. लॉज भरतात, चांगल्या हॉटेलांत जागा मिळत नाही. अधिवेशनाच्या तारखा पेपरात बघून मग दिवस ठरवा. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि गणपती विसर्जन या दिवशी बाजारातल्या गल्ल्यांत गाडी घालायचा विचारच करू नका. मिरवणूक बघायची असेल तर जरूर या, खरं तो दिवस खादाडीचा नव्हे. जून ते सप्टेंबर पाऊस नेटानं पडतो. गावाला गरिबांचं महाबळेश्वर म्हणत आलेत ते उगीच नाही. माझं मत विचाराल तर दिवाळीनंतर अधिवेशनाआधीचे दिवस सर्वांत चांगले.

यायचं कसं

कोल्हापूर-निपाणीकडून हायवेनं थेट गावात. मध्यवर्ती बसस्थानक किल्ल्याच्या शेजारी आहे आणि तिथून खडेबाजार चालत गाठता येतो. रेल्वे स्टेशनवर उतरलात तर कॅम्प आणि टिळकवाडी जवळ. बसच्या पाट्या बहुतेक कन्नडमध्ये असतात, वाहकाला बिनधास्त मराठीत विचारा. आणि फोनच्या नकाशात शोधताना बेळगाव आणि बेळगावी दोन्ही घालून बघा. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव बेळगावी झालं, पण जुन्या दुकानांची नोंद अजून जुन्या नावानं सापडते.

कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना शक्ती योजनेत साध्या सरकारी बसचा प्रवास जून 2023 पासून मोफत आहे. निपाणीची आणि खानापूरची आमची मैत्रीण आधार कार्ड दाखवून शून्य रुपयाचं तिकीट घेऊन येतात. तिकीट शून्याचं असलं तरी घ्यावं लागतं, विसरू नका.

गाडी आणली असेल तर कॅम्पाच्या किंवा टिळकवाडीच्या बाजूला लावून बाजारात रिक्षानं जा. गणपत गल्ली, मारुती गल्लीत चारचाकी लावायला जागा शोधण्यात गप्पांचा अर्धा तास जातो.

दिवसाची आखणी

आमचं वेळापत्रक असं बसलं आहे. नऊला नाश्ता, तोही हलका. साडेअकराच्या सुमाराला पहिलं गोड. दीड-दोनला जेवण. मग चालणं. संध्याकाळी साडेचार-पाचला काहीतरी चटपटीत आणि चहा, आणि सहानंतर दुसरं गोड, थंड. दोन नवी ठिकाणं आणि एक ओळखीचं, याहून जास्त नको. तिन्ही ठिकाणं नवी घेतली आणि तिन्ही फसली तर दिवस हातचा जातो.

नाश्त्याला ओळखीचं ठिकाण ठेवावं. इडली, उद्दिनवडा, पुरी-भाजी, लोणी डोसा, जे आवडेल ते. इथं एक शब्द शिकून घ्या : ‘बाय टू’. कर्नाटकात एक कॉफी दोघांत हवी असेल तर ‘बाय टू कॉफी’ म्हणतात, आणि दोन छोटे कप समोर येतात. सूपलाही चालतं, चहालाही चालतं. यात कुणाला कंजुषी वाटत नाही, वेटरही कपाळाला आठी घालत नाही. दिवसभर थोडं थोडं खायचं असेल तर हा शब्द सोन्यासारखा आहे. सहा जणींत दोन डोसे, दोन वडे, तीन बाय टू. टेबलावरून उठताना थोडी भूक शिल्लक राहिली पाहिजे.

साडेअकराचा कुंदा

बेळगावला कुंदानगरी म्हणतात. दूध आटवत आटवत, खवा आणि साखर घालून, रंग बदलेपर्यंत परततात तो कुंदा. ऐकायला पेढ्यासारखा, पण जिभेवर वेगळा. दाणे मऊ असतात आणि साखर थोडी करपवल्याचा, म्हणजे कॅरॅमलचा, खरपूस वास येतो. रंग फिकट पिवळसर ते गडद तपकिरी, दुकानागणिक वेगळा. गडद म्हणजे जुना असं समजू नका, तो जास्त परतलेला असतो. माझ्या पुण्याच्या मैत्रिणीनं पहिल्यांदा खाल्ला तेव्हा चमचा तोंडातच ठेवून ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘आजीच्या घरी बासुंदीचं पातेलं खरवडून द्यायची ना, त्या खरवडीची चव आहे ही.’ मला इतक्या वर्षांत इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं.

कॅम्पातलं पुरोहितांचं दुकान बाहेरगावच्यांना ठाऊक असतं, तिथून सुरुवात करायला हरकत नाही. पण तिथंच थांबू नका. शंभर-शंभर ग्रॅम दोन वेगळ्या दुकानांतून घ्या, बाकावर किंवा गाडीत बसून शेजारी शेजारी ठेवून खा, आणि मग घरी न्यायचा कुठला ते ठरवा. या तुलनेसारखी गंमत नाही. आमच्यात गडद आणि फिकट असे दोन पक्ष आहेत आणि दरवर्षी वाद होतो.

घेताना ‘आजचा आहे का?’ हे विचाराच. सुट्या मिठाईच्या ताटासमोर ती कुठल्या तारखेपर्यंत खावी हे लिहिणं ऑक्टोबर 2020 पासून दुकानदारांना बंधनकारक आहे. ती चिठ्ठी बघायची सवय लावून घ्या. चिठ्ठी नसेल तर मी तरी दुधाचा पदार्थ घेत नाही.

कुंद्याच्या दुकानात मांडेही दिसतील. ‘मनात मांडे खाणे’ आपण म्हणतो, पण खरे मांडे खाल्लेले किती जण भेटतात? इकडं ते लग्नकार्यात अजून होतात. मी माझ्या मावशीच्या घरच्या कार्यात जवळ बसून बघितले आहेत. मैद्याच्या मऊ गोळीत पिठीसाखर, खवा आणि तुपाचं सारण भरायचं, हलक्या हातानं लाटत लाटत परातीएवढं मोठं आणि इतकं पातळ करायचं की खालची पोळपाटाची रेघ दिसावी. मग ते दोन हातांवर तोलून उलट्या घातलेल्या तापल्या कढईच्या पाठीवर अलगद पसरायचं. आतली साखर विरघळायला लागली की क्षणाचा अवकाश. गरम आहे तोवरच घडी घालायची. गार झाला की कुरकुरीत होतो, मग घडी घालायला गेलं तर तुकडे. त्या बाई एका बाजूला घडी घालत होत्या आणि दुसऱ्या बाजूला पुढची गोळी हातात तयार होती. मान वर करायला सवड नव्हती.

विकत घेतलेला मांडा डब्यात उभा ठेवू नका, आडवा ठेवा. खाताना ताटात चुरून वर कोमट दूध घालून बघा. सहा जणींत एक मांडा पुरतो.

नव्या हॉटेलात जेवताना

नव्या ठिकाणी पहिली फेरी छोटीच मागवावी. दोन पदार्थ, एक भाकरी किंवा रोटी. चव बघा, स्वच्छता बघा, वाढणाऱ्याचं वागणं बघा, आणि मग उरलेलं सांगा. पहिल्याच झटक्यात दहा पदार्थ मागवले की मागं येता येत नाही. कार्ड लांबलचक असेल तर ‘आज ताजं काय आहे?’ विचारा. प्रामाणिक वेटर दोन-तीन नावं सांगतो. ‘सगळंच ताजं आहे’ म्हणाला तर शेजारच्या टेबलावर काय जातंय ते बघून मागवा.

बाहेरून आलेल्यांनी निदान एक जेवण खानावळीतलं घ्यावं असं मला मनापासून वाटतं. ज्वारीची भाकरी इथं दोन तऱ्हेची मिळते, तव्यावरची मऊ आणि पापडासारखी कडक. सोबत भरल्या वांग्याची एण्णेगाई, झुणका, शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, दही, कच्चा कांदा, मेथीचा पाला. शेवटी भात आणि सारू, म्हणजे पातळ आमटी. कडक भाकरी हातानं मोडून एण्णेगाईच्या तेलात दोन मिनिटं भिजू द्यायची. घाई केली तर टाळूला टोचते. कधी गोडात शेंगादाण्याची पोळी असते, तिला शेंगा होळगी म्हणतात. ती असेल तर संध्याकाळचं गोड खुशाल रद्द करा. सामिष खाणाऱ्यांना सावजी खानावळीचं मटण आहे, पण तिखट सोसत असेल तरच. बिर्याणीला नियाज हॉटेलचं नाव या गावातूनच मोठं झालं.

तिखटावरून भाषेची एक गोष्ट सांगते, तुमच्या कामी येईल. पुण्याची मैत्रीण वेटरला म्हणाली, ‘दादा, भाजी खारी झालीये.’ तो मान हलवून गेला आणि वाटीभर दही, वर साखर घेऊन आला. ती बघतच राहिली. कन्नडमध्ये ‘खारा’ म्हणजे तिखट. त्या पोराला वाटलं, ताईंना तिखट लागलं. त्यानं त्याच्या परीनं उपाय आणला होता. आपल्या खाऱ्याला तिकडं ‘उप्पु’ म्हणतात, म्हणजे मीठ. तेव्हा ‘खारा कम्मी’ म्हणजे तिखट कमी, ‘उप्पु कम्मी’ म्हणजे मीठ कमी, ‘सक्करी कम्मी’ म्हणजे साखर कमी. ‘साकु’ म्हणजे पुरे, ‘बेकु’ म्हणजे हवं, ‘बेडा’ म्हणजे नको, ‘एष्टु’ म्हणजे किती. तूप म्हणजे ‘तुप्पा’, ताक म्हणजे ‘मज्जिगी’. एवढे शब्द आले की खानावळीत कुठंही अडणार नाही. शहरात बहुतेक ठिकाणी मराठी चालतं, पण समोरच्याच्या भाषेतला एक शब्द बोललात तर वाढणारा हात सैल होतो, हा माझा अनुभव आहे. वाढपी बाई असेल तर ‘अक्का’ म्हणा, बाप्या असेल तर ‘अण्णा’.

मग चाला

जेवून लगेच पुढच्या हॉटेलात जाऊ नका. किल्ल्यात 1204 साली बांधलेली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, आहे, आत छताला दगडाचं कमळ लटकतं. शांत जागा, सावली आहे. टिळकवाडीकडं असाल तर वीरसौध आणि काँग्रेस विहीर बघा. 1924 च्या डिसेंबरात गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन इथं भरलं आणि त्या वेळच्या पाण्यासाठी ही विहीर खोदली. आमच्या सगळ्यांत मोकळ्या गप्पा अशा चालण्यातच होतात. टेबलावर सहा जणी एकदम बोलतात, चालताना दोघी-दोघी मागं-पुढं होतात, आणि फोनवर वर्षभर न निघालेली गोष्ट तेव्हा निघते.

साडेचारला गिरमिट आणि मिरची भजी. गिरमिटाला परतलेल्या कांद्याचा चिंच-गुळाचा मसाला चुरमुऱ्यांना चोळतात, वर डाळव्याचं पीठ, कांदा-टोमॅटो, शेव. मसाला चोळल्याबरोबर खायचं, फोटोपायी थांबलात तर चुरमुरे मऊ पडतात.

संध्याकाळचं थंड गोड

टिळकवाडी, हिंदवाडी, कॉलेज रोड, आरपीडी क्रॉसच्या बाजूला तरुण मुलांनी चालवलेले कॅफे बरेच झाले आहेत. ब्राउनी, चीजकेक, वॅफल असं सगळं मिळतं. जरूर जा, त्यांना आपल्यासारखं बसून निवांत खाणारं गिऱ्हाईक हवंच असतं. काचेच्या कपाटातला केक घेण्याआधी तीन गोष्टी विचारा : आज केलाय का, अंडं आहे का, आणि मूस किंवा जेलीत जिलेटिन आहे का. शाकाहारी मैत्रिणीला हे तिसरं सहसा सुचत नाही, आणि जिलेटिन प्राण्यांपासून होतं.

कॅफे जमला नाही तर आईस्क्रीम पार्लरमध्ये ‘गडबड’ मागवा. हा कर्नाटकाच्या किनाऱ्याकडचा, मंगळूर-उडुपीचा प्रकार. उंच ग्लासात दोन-तीन तऱ्हेची आईस्क्रीम, मध्ये फळं, जेली, सुका मेवा, आणि लांब दांड्याचा चमचा. चमचा तळापर्यंत घालून वरपर्यंत ओढायचा, म्हणजे प्रत्येक घासात सगळे थर येतात. दोघींत एक बास. दोन वेगळ्या चवीची मागवून ग्लास फिरवत राहिलं की जास्त मजा.

पैशाचं

दिवसभर एकीनंच पैसे द्यावेत आणि रात्री घरी गेल्यावर हिशेब ग्रुपवर टाकावा. प्रत्येक टेबलावर सहा फोन बाहेर काढून वाटणी केली की गप्पा तुटतात. ती एक दरवर्षी बदलायची. साध्या हॉटेलच्या बिलावर पाच टक्के जीएसटी असतो. सर्व्हिस चार्ज नावाची वेगळी ओळ दिसली तर तो ऐच्छिक आहे, नको असेल तर शांतपणे काढायला सांगा. चांगलं वाढलं असेल तर वाढणाऱ्याच्या हातात काहीतरी ठेवा.

घरी काय न्यायचं

लांब जाणाऱ्यांनी करदंट न्यावं. हे गोकाकचं, आपल्याच जिल्ह्यातलं. नावाचा अर्थ तळलेला डिंक. तळलेला डिंक, गूळ, सुकं खोबरं, काजू, बदाम, खारीक यांची वडी. दुधाचा पदार्थ नाही, म्हणून टिकाऊ. बाळंतिणीला, थंडीत लेकरांना देतात. बेळगावात मिळतं, पण सवड असेल तर पुढच्या भेटीला गोकाकच गाठा. साठेक किलोमीटर. पावसाळ्यानंतर गेलात तर घटप्रभा नदीचा 52 मीटरचा धबधबाही भरलेला मिळतो.

कुंदा मात्र अगदी शेवटी, बसला निघताना घ्या. सकाळी घेऊन दिवसभर गाडीच्या डिकीत तापवलेला कुंदा मी एकदा फेकला आहे, अजून जीव हळहळतो. डब्याचं झाकण नीट दाबलंय ना बघा, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारा, कपड्यांच्या बॅगेत आडवा ठेवा आणि घरी पोचल्याबरोबर फ्रिजमध्ये टाका. खायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. पुण्याची मैत्रीण आता डबा मांडीवर घेऊनच बसते. बस सुटताना खिडकीतून हात बाहेर काढायच्या आधी ती एका हातानं डबा धरते आणि मग दुसरा हलवते.